बारावं प्रकरण

४ जानेवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. थोरामोठ्यांच्या रोजनिश्या त्यांच्या पश्चात छापतात म्हणे. ही मात्र फक्त माझ्यासाठी, कोणी वाचायची नाही. तरी अक्षर नीट काढतोय. असावं.

पुस्तक लिहून झालं. 'वर-खाली : एका लिफ्ट-इन्स्पेक्टरची तेहतीस वर्षं'. चौदा प्रकरणं, हाताने लिहिलेली सहाशे बारा पानं. आपल्या भाषेत लिफ्टवर पुस्तक नाही. ते का नाही हा प्रश्नसुद्धा आजवर कुणाला पडलेला नाही, यावरून समाजाची अवस्था कळते.

संकल्प :
१. मार्चअखेर प्रकाशक पक्का करायचा.
२. रोज तासभर चालायचं.
३. पुस्तकावरून घरात वाद घालायचा नाही.

सकाळी ९.३०
तिसरा मोडला. सुरुवात हिने केली. म्हणाली, सहाशे पानं नुसती लिफ्टबद्दल? म्हटलं, जिन्याबद्दल असती तर हजार झाली असती. चालायला उद्यापासून.

६ जानेवारी
टायपिंगचं काम हिला दिलं. सव्वीस वर्षं वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. हिची बोटं डोक्याला न विचारता चालतात. त्या निमित्ताने तिलाही पुस्तकात थोडा सहभाग मिळेल. म्हणाली, स्वयंपाक, धुणं, तुमच्या गोळ्या आणि लेकीचे फोन आटोपले की दुपारी दोन ते पाच बसेन. म्हणजे मोकळा वेळ होताच.

९ जानेवारी
दुपारी टाइप करता करता थांबली. विचारलं, त्या आठ मजली इमारतीचं कुठे आलंय? म्हटलं, ते विषयाला सोडून आहे. म्हणाली, लिफ्टच्या पुस्तकात लिफ्ट विषयाला सोडून? सांगितलं, चौकशी समितीने एकतीस वर्षांपूर्वी मला निर्दोष ठरवलंय, कागद फायलीत आहे, विषय संपला. म्हणाली, बरं.

हिचं 'बरं' मला नेमकं कळतं. पटलं की 'बरं' म्हणते.

२६ जानेवारी
टायपिंग पूर्ण. प्रिंट काढल्या, तीनशे पंचवीस पानं. माझ्या अंदाजाने तीनशे सात व्हायला हवी होती. फॉन्टमुळे असेल. ही म्हणाली, पाठवायच्या आधी एकदा नजर घाला. म्हटलं, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. पुन्हा म्हणाली, घाला हो एकदा. वेळ कुठाय? प्रकाशकांना लिहायचं पत्रच चार पानांचं झालंय.

पत्रातला कळीचा मुद्दा : तिसऱ्या मजल्यावर आणि त्याच्या वर राहणारा प्रत्येक माणूस हा संभाव्य वाचक. दुसऱ्या मजल्यापर्यंतचे लोक मी धरलेले नाहीत. फुगवून सांगायची सवय नाही.

३ फेब्रुवारी, दुपारी
पहिले प्रकाशक. ऑफिस चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. चार जिने चढून गेलो. शुभशकुन म्हणायचा, पुस्तकाची गरज दारातच सिद्ध झाली. हेच वाक्य बोलायचं ठरवलं होतं, पण धाप लागली होती म्हणून त्यांनी पाणी देऊन बसवलं आणि वाक्य राहून गेलं.

टेबलावर पुस्तकांचे इतके ढीग की प्रकाशकांचं फक्त कपाळ दिसत होतं. कपाळ म्हणालं, वाचणार कोण? तिसऱ्या मजल्याचा मुद्दा सांगितला. कपाळावर आठ्या आल्या, म्हणजे विचार चालू झाला. म्हणाले, ठेवून जा, कळवतो. नाही म्हणाले नाहीत. माणूस नाही म्हणायला मोकळा असतो. ज्याअर्थी म्हणाला नाही त्याअर्थी.

१७ फेब्रुवारी
कपाळाचं पत्र. 'आमच्या प्रकाशन-योजनेत आपले पुस्तक बसत नाही.' म्हणजे योजना लहान आहे.

२१ फेब्रुवारी
दुसरे प्रकाशक. काचेची केबिन, गुळगुळीत दाढी, वय माझ्या जावयाएवढं. हस्तलिखिताचं पहिलं पान आणि शेवटचं पान वाचलं. मधलं चाळलं नाही. म्हणाले, अंकल, लिफ्ट ही कल्पना जबरदस्त आहे, पण मशीन काढून टाकू. 'लिफ्टसारखे वर जा : यशाचे दहा मजले' असं करू. म्हटलं, आणि खाली येण्याचं काय? लिफ्ट जितकी वर जाते तितकीच खाली येते. म्हणाले, खाली येण्याला मार्केट नाही.

तत्त्वासाठी नकार दिला. बाहेर आल्यावर लक्षात आलं, नकार द्यायला आधी त्यांनी होकार द्यायला हवा होता. तरीपण.

घरी ही दारातच उभी. विचारलं, त्यांनी मधलं काही वाचलं का? म्हटलं, नाही. मान हलवून आत गेली. माझ्यापेक्षा तीच निराश झालेली दिसली. सहभागाचा परिणाम.

२ मार्च
तिसरी प्रत गेल्याच महिन्यात टपालाने पाठवली होती. लहान प्रकाशनसंस्था, एक संपादकबाई सगळं बघतात म्हणे. अजून उत्तर नाही. मोठ्या पुस्तकाला वेळ लागतोच.

मागच्या कव्हरसाठी फोटो काढून आणला. फोटोग्राफर म्हणाला, थोडं हसा. हसलो नाही. तांत्रिक पुस्तक आहे.

६ मार्च, सकाळी ११.२०
फोन! संपादकबाई!! पुस्तक पूर्ण वाचलं. म्हणाल्या, खरं सांगू का, सुरुवातीची अकरा प्रकरणं जरा कोरडी गेली, पण बाराव्या प्रकरणाने मला हलवलं. वाचता वाचता रडू आलं. मंगळवारी या, बोलू.

बारावं प्रकरण म्हणजे 'दरवाजे नीट बंद न होण्याची कारणे व उपाय'.

मला कायम वाटायचं त्यात काहीतरी आहे.

सकाळी ११.४५
हिला सांगितलं. गॅस बंद केला आणि ओले हात तसेच ठेवून उभी राहिली. म्हणाली, तुम्ही वाचलंत का ते? म्हटलं, मी लिहिलंय, मी कशाला वाचू? हात पदराला पुसत राहिली. आनंद झाला की हिला असंच होतं.

७ मार्च
समोरच्या ब्लॉकमधल्या निवृत्त हेडमास्तरांना बातमी दिली. सगळी बिल्डिंग त्यांना मागून 'शुद्धलेखन' म्हणते. त्यांनी हाताने लिहिलेलं दरवाजांचं प्रकरण मागून घेतलं आणि तासाभरात परत आणलं. म्हणाले, एका पानावर अकरा चुका, रडू येणं स्वाभाविक आहे. मत्सर माणसाला कुठे नेतो.

लेकीचा फोन आला. तिलाही सांगितलं. फार हसली. म्हणाली, बाबा, दरवाजे बंद होत नाहीत म्हणून बाई रडल्या? म्हटलं, लिहिणाऱ्याचा हात लागतो त्याला. मग आईला द्या म्हणाली. ही फोनवर दोनच वाक्यं बोलली आणि दूध उतू जातंय म्हणाली. गॅसवर दूध नव्हतं.

१० मार्च, दुपारी ३.४०
बसस्टॉपवर बसून लिहितोय.

संपादकबाई पन्नाशीच्या, साध्या. खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर माझं पुस्तक. त्यातून पिवळ्या चिठ्ठ्या बाहेर आलेल्या, सगळ्या एकाच ठिकाणी. म्हणाल्या, तो लिफ्टमनचा स्टूल डोळ्यांपुढून जात नाही. मी मान डोलावली. दरवाजाची वरची पट्टी साफ करायला स्टूल लागतो, ते मी लिहिलं असणार. म्हणाल्या, इतकं स्वतःविरुद्ध लिहायला धाडस लागतं. म्हटलं, दरवाजांबद्दल कुणीतरी बोलायलाच हवं होतं. त्यांनी एका पिवळ्या चिठ्ठीपाशी पान उघडलं. मग हळू आवाजात विचारलं, हे पत्नीच्या तोंडून लिहायचं कसं सुचलं तुम्हाला?

म्हटलं, जरा प्रत बघू.

प्रत घेऊन बाहेर आलो. बसस्टॉपपर्यंत आलो. वाचलं. अठरा पानं. माझी नाहीत. दरवाजे तेराव्यात ढकललेत.

तीन बस गेल्या.

११ मार्च
काही नाही.

१३ मार्च
झालं ते मुद्द्यात लिहून ठेवतो. माणसाने घटना नोंदवताना भावना बाजूला ठेवावी.

एकतीस वर्षांपूर्वी एका आठ मजली ऑफिस-इमारतीची लिफ्ट तपासायला गेलो. अशी तपासणी वर्षातून एकदा. सगळ्यात वर, गच्चीवर, मशीन रूम असते. लिफ्ट ज्या तारांच्या दोरांवर लटकते ते दोर तिथे हाताने चाचपून बघायचे. किती तारा तुटल्या आहेत ते मोजायचं. मग सही करायची, की पुढचं वर्षभर लिफ्ट चालवायला हरकत नाही.

त्या दिवशी सही केली. दोन महिन्यांनी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली गेली. आत लिफ्टमन एकटाच होता. चौकशी झाली. प्रमाणपत्रावर तारीख होती, सही होती, शिक्का होता. दुरुस्तीचा ठेकेदार दोषी ठरला. मी निर्दोष.

ही माझी नोंद. हिने जे लिहिलंय ते असं. हिचीच वाक्यं उतरवतोय.

'मुलगी चार वर्षांची होती. तापाने फणफणली आणि तिने डोळे फिरवले. मी शेजाऱ्यांच्या फोनवरून त्यांच्या ऑफिसला फोन केला, तिथून त्या इमारतीचा नंबर घेतला. वॉचमनने त्यांना बोलावलं. मी म्हटलं, असाल तसे या. ते असतील तसे आले. मुलीचा ताप त्याच संध्याकाळी उतरला. दोन महिन्यांनी ती लिफ्ट पडली. त्या दिवशी घरी आल्यावर ते म्हणाले, मी वर गेलो नव्हतो. एवढंच म्हणाले. मी विचारलं, कधी? त्यांनी तारीख सांगितली. तारीख माझ्या ओळखीची होती.'

पुढे आहे की ही एकटी त्या इमारतीत गेली होती. मला न सांगता. लिफ्टच्या खड्ड्याभोवती दोरी बांधलेली. बाजूला लिफ्टमनचा स्टूल, एक पाय मोडलेला. स्टुलाखाली जेवणाचा डबा. डबा उघडलेला नव्हता.

मला हे माहीत नव्हतं.

१४ मार्च
विचारांती माझी बाजू :
१. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या पुस्तकात प्रकरण घालणं हा गुन्हा आहे.
२. तिने घातलं ते माझ्या आवाजात नाही, म्हणजे शैली बिघडली.
३. समितीने निर्दोष ठरवल्यावर बायकोने वेगळा निकाल द्यायची पद्धत नाही.

संकल्प : हिच्याशी बोलायचं नाही.

संध्याकाळी ५
ती माझ्या आधीपासूनच बोलत नाहीये असं दिसतं.

१८ मार्च
संपादकबाईंना फोन केला. म्हटलं, ते प्रकरण चुकून गेलंय, काढून टाका. म्हणाल्या, मग काय छापू? म्हटलं, बाकीचं. मग म्हणाल्या, काका, राग मानू नका, बाकीचं त्या प्रकरणाभोवतीची भिंत आहे.

तोडगा काढला. ती घटना मीच लिहून देतो, योग्य शब्दांत. दुपारी बसून लिहिलं. 'सदर इमारतीतील लिफ्टचे दोर तुटले गेले व त्यात एका कर्मचाऱ्याचे दुःखद निधन झाले. घटनेची सखोल चौकशी करण्यात आली.' नेटकं झालंय. कुणावर अन्याय नाही.

२५ मार्च
परत आलं. बाईंनी पेन्सिलने लिहिलंय : 'यात माणूस कुठे आहे?'

कर्मचारी लिहिलंय की.

२८ मार्च
आज ही बोलली. मी पेपर वाचत होतो. समोर येऊन बसली, हात मांडीवर ठेवून. ऑफिसात साहेबासमोर बसावं तशी. म्हणाली, टाइप करता करता तुमची चौदा प्रकरणं संपली तरी ती इमारत येईना. मग माझ्या हातांनीच लिहिलं. छापायला म्हणून नव्हतं लिहिलं. तुम्ही वाचावं म्हणून मध्ये घातलं. दोनदा सांगितलं, नजर घाला. तुम्ही घातली नाही.

मी म्हटलं, समोर बसून सांगता आलं असतं. म्हणाली, एकतीस वर्षं समोरच बसलेय.

मग म्हणाली, तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत की तुझ्या फोनमुळे झालं. पण तुझ्या फोनमुळे नाही झालं, असंही कधी म्हणाला नाहीत.

पेपर हातात होता. म्हटलं, विचार करून सांगतो. सरकारी सवय.

३१ मार्च
मार्चअखेर. प्रकाशक पक्का करायची मुदत संपली. नेमका आजच बाईंचा फोन. आठ दिवस विचार केला म्हणाल्या. प्रस्ताव असा : पुस्तक ते छापतील, पण बारावं प्रकरण मध्यभागी, कव्हरवर दोघांची नावं, आणि मी माझ्या बाजूने प्रामाणिकपणे एक नवं प्रकरण लिहायचं. अट एकच. लिफ्टमनच्या घरच्यांना विचारून यायचं. ते हो म्हणाले तरच.

हिला सांगितलं. म्हणाली, विचारून येऊ. पुस्तकासाठी नाही, पण विचारून येऊ. मुलीला मात्र यातलं काही कळता कामा नये. म्हटलं, छापल्यावर कळेलच. म्हणाली, आधी जाऊ तर.

३ एप्रिल
शांतपणे विचार करता यात काही वाईट नाही. किंबहुना चांगलंच आहे. किती इन्स्पेक्टर स्वतःची चूक जगापुढे मांडतात? एकही नाही, कारण एकाही इन्स्पेक्टरने पुस्तकच लिहिलेलं नाही. दोन्ही बाबतींत मी पहिला.

जुन्या ऑफिसात जाऊन फाईल काढली. क्लार्क ओळखीचा निघाला नाही, पण पत्ता मिळाला. लिफ्टमनची बायको त्याच घरात राहते. पडदे शिवून देते.

८ एप्रिल
नव्या प्रकरणाचा मसुदा आधीच करून ठेवला, म्हणजे भेटीनंतर फक्त तपशील भरायचे. सोळावं प्रकरण : 'भेट'. सुरुवात जमली आहे. 'त्या माउलीने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.' इथे वाचक थांबेल.

शुद्धलेखनांना वाचून दाखवलं. त्यांनी या खेपेस एकही चूक काढली नाही. चष्मा पुसत विचारलं, तुम्ही भेटून आलात? म्हटलं, रविवारी जायचंय. चष्मा चढवून घरी गेले.

तिथे बोलायचं भाषणही लिहिलं, दीड पान. पाठ करतोय. 'आज मी आपल्यासमोर एक अधिकारी म्हणून नव्हे तर एक माणूस म्हणून उभा आहे.'

१२ एप्रिल, संध्याकाळी ६.१५
जाऊन आलो.

तळमजल्यावरची एकच खोली. दार उघडं. आत पडद्यांच्या कापडाचे तागे, भिंतीला लावून शिवणयंत्र. बाई साठीच्या पुढच्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मांडीवर लांबच लांब निळा पडदा घेऊन हाताने दुमड घालत होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, या, खिडकीचं माप आणलंय का?

मी म्हटलं, आज मी आपल्यासमोर एक अधिकारी म्हणून. पुढचं आठवेना. कागद खिशात होता. खिसा सापडेना. त्या वाट बघत होत्या. त्यांना वाटलं असावं, कुठल्या तरी ऑफिसचे पडदे शिवायचेत.

मग हिने सांगितलं. चार वाक्यांत. हे त्या वेळी लिफ्टचे इन्स्पेक्टर होते. आमची मुलगी आजारी पडली म्हणून मी यांना फोन करून बोलावलं. त्यामुळे हे वर न जाताच सही करून आले. तुमचे यजमान त्याच लिफ्टमध्ये होते.

बाईंची सुई थांबली नाही. टाका घातला, ओढला, पुढचा घातला. पडद्याचं एक टोक जमिनीवर घसरत होतं. हिने वाकून ते उचललं आणि हातात धरून ठेवलं. दोघी तशाच बसल्या, मध्ये तो पडदा. मी उभा होतो. कुणी बसा म्हणालं नव्हतं. कुणी नाही म्हणालं नव्हतं.

मग बाईंनी हिला विचारलं, मुलगी बरी झाली ना मग?

ही म्हणाली, झाली. त्याच संध्याकाळी.

बाई म्हणाल्या, तापात डोळे फिरवतात मुलं. माझ्या मोठ्याने दोनदा फिरवले होते. जीव राहत नाही आपला. मी पण बोलावलं असतं.

हिने पडद्याचं टोक डोळ्यांना लावलं. बाईंनी तो काढून घेतला नाही.

मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, तुम्ही येऊन गेलात ती संध्याकाळ आठवते मला. त्याआधी महिनाभर हे घरी येऊन सांगायचे, लिफ्ट थरथरते, वरून आवाज येतो. मालकाला सांगितलं होतं, ठेकेदाराला सांगितलं होतं. कोणी लक्ष देईना. मी म्हणायचे, सोडा ती नोकरी. हे म्हणायचे, थांब, साहेब तपासायला येणार आहेत, त्यांना सापडेल. त्या दिवशी आले ते खुशीत. म्हणाले, साहेब येऊन गेले, सही करून गेले, लिफ्टला काही झालेलं नाही. माझंच डोकं हलत असेल. आणि हसले.

नंतर परत कधी म्हणाले नाहीत की थरथरते.



हिने पुस्तकाचं विचारलं. मी विचारू शकलो नाही, तिने विचारलं. बाईंनी दोरा दाताने तोडला. म्हणाल्या, ताई, एकदा पडले तेवढं पुरे झालं. पुस्तकात परत नका पाडू. लोक वाचतील तितक्यांदा पडतील ते.

निघताना हिला दारापर्यंत पोचवायला आल्या. माझे हात हातात घेतले नाहीत. त्यांच्या हातात सुई होती.

१३ एप्रिल
'भेट' फाडलं. दीड पानाचं भाषण कोटाच्या खिशात सापडलं, तेही.

हिशोब जुळत नाही. समजा मी त्या दिवशी गेलोच नसतो. लिफ्ट बिनतपासणीची राहिली असती. त्याला ती थरथरताना रोज जाणवली असती. आज ना उद्या त्याने नोकरी सोडली असती, बायको सांगतच होती. तो पडला ते मी न तपासल्यामुळे नव्हे. मी तपासलंय असं त्याला वाटल्यामुळे.

समितीपुढे हा मुद्दा आला नव्हता. कुणी मांडायला हवा होता ते आता कळतंय, पण तो मला माहीत नव्हता. मी कधी त्या घरी गेलोच नव्हतो.

१५ एप्रिल
संपादकबाईंना पत्र. या वेळी चार पानं नाहीत. 'घरच्यांची परवानगी नाही. पुस्तक मागे घेत आहे. आपण वाचलंत त्याबद्दल आभार.' टाइप करायला हिला दिलं नाही. हाताने लिहिलं.

२२ एप्रिल
बाईंचं उत्तर. निर्णय योग्य आहे म्हणतात. प्रती परत पाठवल्या आहेत. शेवटी लिहिलंय, दुसरा काही विषय असेल तर जरूर कळवा. तेहतीस वर्षांत मला दुसरा विषय नव्हता. पहिलाही नीट नव्हता.

२६ एप्रिल, रविवार
लेकीचा फोन. बाबा, पुस्तक कधी येतंय? म्हटलं, प्रकाशन व्यवसायाची अवस्था वाईट आहे, कागद महाग झालाय, वाचक राहिले नाहीत. म्हणाली, तुम्ही प्रयत्न सोडू नका हं, किती मेहनत घेतलीत. म्हटलं, बघू. मग विचारलं, तुझी तब्येत कशी आहे? ती म्हणाली, मला काय झालंय? म्हटलं, नाही, सहज. हे असं मी यापूर्वी विचारत नसे, हे तिच्या गप्प बसण्यावरून कळलं.

ही शेजारी उभी होती. तिने फोन मागितला नाही.

३० एप्रिल, दुपारी
महिनाअखेर. संकल्पांचा आढावा : चालणं झालं नाही. प्रकाशक नाही.

ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती, पाठमोरी, भांडी पुसत. मी दारात जाऊन उभा राहिलो. महिनाभर विचार करून काय सांगणार होतो ते कागदावर लिहून काढलं होतं. तीनदा लिहिलं, तीनदा लांबलं. कागद टेबलावर ठेवून गेलो होतो.

म्हटलं, फोन केलास ते बरोबरच केलंस.

हात थांबले. वळली नाही. म्हणाली, बरं.

त्या 'बरं'चा अर्थ मला कळला नाही. बराच वेळ तिथेच उभा होतो, तरी कळला नाही. मग तिने बाजूला सरकून ओट्यापाशी जागा केली आणि माझ्या हातात कोरडं फडकं दिलं. वाट्या पुसल्या. पेले पुसले. एक वाटी मी पुन्हा ओल्या भांड्यांत ठेवली, ती तिने उचलून बाजूला काढली.

पाच शब्दांचं वाक्य. एकतीस वर्षं लागली. मी काही लेखक नाही.